ऋणनिर्देशातली अनुपस्थित मंडळी

कॉम्प्युटरने आग्रह केला नाही, म्हणून कुमुदआत्याने तीन-चार दिवस मराठी फॉन्ट बसवूनच घेतले नाहीत.

गोष्ट दोन हजार दहा सालची. आत्या नवीन पनवेलला तिसऱ्या मजल्यावर राहायची आणि मी खारघरच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शेवटच्या बाकावर. मधलं अंतर फोनवर कापलं जाई. तिच्या कॉम्प्युटरमध्ये इतके व्हायरस झाले होते की तो सुरू केल्यावर आधी त्यांची कामं उरकायची आणि मग आत्याचा नंबर लागायचा. म्हणून मी तो पुसून त्यावर उबुंटू नावाची दुसरी सिस्टीम टाकून दिली. उबुंटूत काही नवीन हवं असेल, तर एक काळी खिडकी उघडायची, तिच्यात हुकूम टाइप करायचा, की हव्या त्या प्रोग्रामचं पॅकेज इंटरनेटवरून येऊन आपापल्या जागी बसतं. दुकानात जावं लागत नाही. दुकानदार भाव सांगत नाही, कारण भावच नसतो. आत्याला हे सुरुवातीपासून संशयास्पद वाटत होतं.

मी फोनवर हुकूम सांगितला, ‘सुडो ॲप्ट-गेट इन्स्टॉल’ आणि पुढे फॉन्टच्या पॅकेजचं नाव. माझं बोलणं संपायच्या आत तिचं टाइप करून झालं होतं.

“काय म्हणतोय?” मी विचारलं.

“म्हणतोय, इतकी इतकी जागा लागेल. पुढे जायचं का? हो असेल तर वाय दाबा, नाही तर एन.”

“मग?”

“एन दाबलं.”

“का?”

“अरे, पहिल्यांदाच विचारलं ना त्याने.”

हे ज्यांना कळलं नाही, त्यांनी कधी आमच्या नात्यातल्या पंगतीत जेवण केलेलं नाही. वाढपी जिलबी घेऊन आला की पहिल्यांदा ताटावर हात आडवा धरून ‘नको’ म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा ‘खरंच नको’. तिसऱ्यांदा हात जरासा बाजूला घ्यायचा. पहिल्याच फेरीला ‘वाढा’ म्हणणारा माणूस आमच्यात एकच होऊन गेला आणि त्याचं नाव अजून काढतात. तेव्हा आत्याने रोज सकाळी अंघोळ करून हुकूम टाइप केला, कॉम्प्युटरने विचारलं, तिने एन दाबलं आणि तो पुन्हा विचारेल म्हणून ती बसून राहिली. त्याने पुन्हा विचारलं नाही. चौथ्या दिवशी तिने मला फोन करून सांगितलं की तुझा उबुंटू हुशार असेल, पण घरंदाज नाही.

“आत्या, उलट आहे गं. तो वाढपी नाही, तो पाहुणा आहे. दारात उभा राहून विचारतोय, आत येऊ का? आणि तू नाही म्हणतेस.”



“चार दिवस?” ती म्हणाली. “चार दिवस मी त्याला दारातून परत पाठवतेय?”

त्या दिवसापासून ती लगेच वाय दाबू लागली, आणि तेही असं, की कोणाला लागू नये.

आता हे फॉन्ट कशासाठी हवे होते ते सांगतो. आत्या जिल्ह्याच्या एका कचेरीत टायपिस्ट होती. लग्न केलं नाही, बढती घेतली नाही, टायपिंग केलं. सरकारी पत्राच्या खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरं असतात, आधी साहेबाच्या नावाची, मग तिरकी रेघ, मग टायपिस्टच्या नावाची. तेवढीच आत्या. साहेब बदलत गेले, रेघेपलीकडची दोन अक्षरं तीच राहिली. निवृत्त झाल्यावर तिने घरी अक्षरजुळणीची कामं घ्यायचं ठरवलं, आणि पहिलं काम मिळालं ते उरणच्या वाटेवरच्या एका कोळीवाड्यातल्या मच्छीमार संस्थेचं. संस्थेला पन्नास वर्षं होत होती, त्याची स्मरणिका.

काम घेऊन आला प्रितेश कोळी. तो न्हावा शेवाच्या बंदरात कंटेनरची नोंद ठेवायचा आणि संस्थेचा चिटणीस होता, कारण ईमेल उघडता येणारा तो एकटाच. त्याने लेखांची पिशवी आत्याच्या टेबलावर ठेवली आणि मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला काय काय यायला हवं ते सांगितलं. मुद्रक अमुक, मुखपृष्ठ तमुक. “आनि अक्षरजुलनी, तुमचं नाव. पुरा नाव सांगा मॅडम.”

आत्याने पूर्ण नाव सांगितलं. मग तिने ते एका कागदावर लिहूनही दिलं. मग, वेलांटी पहिली की दुसरी यावर त्याचा गोंधळ होऊ नये म्हणून, ज्या नावात एकही वेलांटी नाही ते नाव तिने त्याला पुन्हा वाचून दाखवलं. तिच्या उभ्या आयुष्यात ते पहिल्यांदा छापलं जाणार होतं.

अट एकच होती. प्रेस वसुबारसेच्या संध्याकाळी दिवाळीसाठी बंद होणार, आणि समारंभ दिवाळीनंतरच्या रविवारी. प्रेस बंद व्हायच्या आत पानं तयार झाली नाहीत, तर मागच्या स्मरणिकेचं काम केलेल्या माणसाकडे पिशवी जाणार. त्याने मागच्या वेळी अध्यक्षांच्या फोटोखाली बोटीचं नाव घातलं होतं, पण वेळेत.

आत्याने काम चोख केलं. फक्त त्यात जुने फोटो फार होते. जाळी, होड्या, बर्फाचा पहिला कारखाना, पहिल्या कारखान्यासमोर उभे असलेले आणि थंडी न वाजणारे संचालक. ते स्कॅन करून करून डिस्क भरली आणि तसा इशारा पडद्यावर आला. इशारा आला तो नेमका दिवाळीच्या साफसफाईत. आत्याच्या एका हातात झाडू होता. माळा झाला होता, फडताळं झाली होती, आणि नको असलेलं पॅकेज ‘रिमूव्ह’ लिहून काढता येतं हे मी तिला शिकवलेलं होतं. मी कॉलेजातून तिला फोन करून विचारायला हवं होतं की आज काय काय काढलंस. पण असा फोन कोण कोणाला करतो.

पहिल्यांदा तिने दोन खेळ काढले. मग एक असं पॅकेज काढायला घेतलं, ज्याच्या नावात ‘बेस’, म्हणजे पाया, असं काहीतरी होतं. तशाच नावाचं आणखी एक यादीत दिसत होतं, आणि एका घरात एकाच कामाच्या दोन वस्तू आत्याला चालत नाहीत.

या पॅकेजला कॉम्प्युटरने वाय की एन असं विचारलं नाही. त्याने लांबलचक लिहिलं. तुम्ही काहीतरी घातक करायला निघाला आहात. आपण काय करतोय हे नेमकं माहीत असल्याशिवाय हे करू नका. तरीही करायचंच असेल, तर ‘हो, मी सांगते तसं कर’ हे वाक्य इंग्रजीत, जसंच्या तसं, टाइप करा.

“मला इतकं बरं वाटलं,” आत्या नंतर म्हणाली. “म्हटलं, शिकला. पहिल्यांदाच कोणीतरी रीतीने दोन-तीनदा विचारतंय.”

तरी तिथे देवाने सामान्य माणसासाठी एक सोय ठेवलेली आहे. ते वाक्य अक्षरन् अक्षर बरोबर लागतं. पहिलं अक्षर मोठं, मध्ये स्वल्पविराम, शेवटी उद्गारचिन्ह. सामान्य माणूस यातलं काहीतरी विसरतो, कॉम्प्युटर नकार देतो आणि घर वाचतं. आत्याच्या हातून टायपिंगची चूक होत नाही. शासनाने तिला त्याचं प्रमाणपत्र दिलेलं आहे.

मग ओळी पळायला लागल्या. अमुक काढत आहे, तमुक काढत आहे. तिला वाटलं, केवढा कचरा होता घरात. आधी ऑफिसचं पॅकेज गेलं, ज्यात स्मरणिका केली होती. मग फॉन्ट गेले. मग खिडक्या, चित्रं, बाण, सगळं. आता कॉम्प्युटर आपल्या पायाखालची फरशी उचलायला घेणार, एवढ्यात वीज गेली.

पनवेलमध्ये त्या काळी वीज कधी येईल हे कोणी सांगू शकत नसे, पण जायची वेळ ती पाळायची. आणखी थोडी उशिरा गेली असती तर पुढची गोष्ट सांगायला काही उरलं नसतं. मी आजवर पुष्कळांचे आभार मानले आहेत. भारनियमनाचे त्या दिवशी पहिल्यांदाच मानले आणि मनापासून मानले.

वीज आल्यावर आत्याने बटण दाबलं. काळा पडदा. त्यावर नाव विचारणारी एक ओळ आणि लुकलुकणारी एक रेघ. तिने मला फोन केला.

“विश्वा, सगळं स्वच्छ झालंय.”

“छान.”

“म्हणजे सगळंच.”

मी प्रॅक्टिकल सोडून निघालो. सर कुठे म्हणाले, तेव्हा मी सांगितलं की आत्या गंभीर आहे. ते खरंच होतं. ती खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसली होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिने मला पाणी दिलं, बशीत चकली ठेवली, आणि मग म्हणाली, “त्यांना फोन करून सांगते, दुसऱ्याला द्या म्हणून. माझी चूक आहे, त्यांची दिवाळी कशाला नासवू.”

“थांब जरा.”

“उद्या संध्याकाळी प्रेस बंद होतंय रे.”

“आत्या, थांब. चकली खाऊ दे.”

मी नाव आणि पासवर्ड घातला. आत तिची फाइल होती, जशीच्या तशी. पॅकेजेस काढताना तो माणसाच्या वस्तूंना हात लावत नाही, एवढी त्याची रीत चांगली आहे. फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि आम्ही दोघं एसटी स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत गेलो. तिथल्या कॉम्प्युटरने ती उघडली. मच्छीमारांच्या पन्नास वर्षांच्या जागी चौकोन आले. ओळीच्या ओळी चौकोन, मध्येच एखादा पूर्णविराम. अध्यक्षांचं मनोगत म्हणजे आमच्या बाथरूमची फरशी झाली होती.

“तुमच्याकडे मराठी नाही का?” आत्याने कॅफेवाल्याला विचारलं.

“मी मराठीच आहे,” तो म्हणाला.

परत आलो. आता एकच मार्ग होता, गेलेली सगळी मंडळी एकेक करून परत बोलावणं. मॉडेमची वायर लावली, हुकूम दिला, आणि यादी आली. ही पॅकेजेस एकटी येत नाहीत. ऑफिसचं पॅकेज म्हणतं, मी येईन, पण अक्षरं दाखवणारं आलं तर. ते म्हणतं, माझ्याबरोबर चित्रं काढणारं हवं. नवरदेवाबरोबर करवली, करवलीबरोबर तिचा मुलगा, मुलाबरोबर त्याच्या दुधाची बाटली, अशी ती वरात. कोणी एक रुसून मागे राहिला तर बाकीचे मांडवात पाऊल टाकत नाहीत. आत्या नेटाने यादी वाचत होती.

“सगळ्यांना बोलवावं लागेल?”

“सगळ्यांना.”

“बोलव. आपणच घालवलेत.”

तिने स्वतः वाय दाबलं.

आमचं इंटरनेट त्या काळी टपकायचं. मी घरी जाऊन झोपून सकाळी परत आलो, तरी निम्मी वरात वाटेतच होती. तेवढ्यात दारावर प्रितेश, सीडी न्यायला.

“थोडं फिनिशिंग राहिलंय,” आत्या म्हणाली.

प्रितेशने तिच्या खांद्यावरून पाहिलं. काळा पडदा, पळत्या पांढऱ्या ओळी. तो बंदरात काम करतो, त्याला माल अडकलेला लगेच कळतो.

“मॅडम, फिनिशिंग कुठपर्यंत आली? न्हावा शेवाला आली का अजून दर्यातच हाय?”

मग आत्याने त्याला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, उलट एका इंग्रजी वाक्याचं शुद्धलेखनही सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

“आनि दहाला लायट जानार.”

हे आम्ही दोघंही विसरलो होतो. त्या दिवशीचं भारनियमन सकाळचं होतं, दहा ते दोन. त्यानंतर फॉन्ट यायचे, फाइल उघडायची, पानं तपासायची, प्रेस गाठायचं. आत्याने फोनकडे हात नेला. मला माहीत होतं की ती आता कोणाचा नंबर फिरवणार, आणि प्रितेश समोर उभा असताना त्याच्याच घरचा नंबर फिरवण्यात काय अर्थ होता ते तीच जाणे.

“ठेवा तो फोन,” प्रितेश म्हणाला. “आमची होरी किनाऱ्याला लागलेली हाय. तिची बॅटरी आनतो. विन्वर्टर काकाकडं हाय.”

“अरे, होडीची बॅटरी? नको, तुम्हाला कशाला त्रास.”

“तरास कसला. आमचीच पानं हायत ती.”

तो मासळीच्या टेम्पोतून परत आला, बरोबर संस्थेचे अध्यक्ष, म्हणजे त्याचे काका कुंदन कोळी. दोघांनी मिळून ती बॅटरी जिन्याने वर आणली. बॅटरी समुद्रात राहिलेली, टेम्पो सकाळी बांगडे वाहिलेला. तिचा वास तिच्याआधी एक मजला चढत होता. दुसऱ्या मजल्यावर आत्याच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी अविनाश सबनीस दार उघडून उभे राहिले. बिल्डिंगच्या नियमावलीत मांसाहाराविषयी एक कलम आहे, ते त्यांनी लिहिलेलं.

“हे काय आहे?”

“बॅटरी हाय,” कुंदनकाका म्हणाले.

“कशाची?”

“होरीची.”

“कशाला?”

“मराठी फॉन्टसाठी,” मी म्हणालो.

सबनीसांनी थोडा विचार केला आणि दार लावून घेतलं. आम्ही बॅटरी आत्याच्या हॉलमध्ये रांगोळीच्या डब्यांशेजारी ठेवली. वायर भिंतीपर्यंत पोचेना. आम्ही टेबल ओढायला लागलो, तेवढ्यात बेल वाजली. सबनीस. हातात लांब वायरचा बोर्ड.

“हा पोचेल,” ते म्हणाले. “दुपारी परत द्या. आणि खिडक्या उघड्या ठेवा.”

दहाला वीज गेली. पंखा थांबला, फ्रीज थांबला, शेजारच्यांची मालिका मध्येच थांबली. आत्याच्या हॉलमध्ये मात्र मॉडेमचा दिवा लुकलुकत होता, कॉम्प्युटर चालू होता आणि पनवेलच्या खाडीतली वीज खाऊन जगाच्या पाठीवरून पॅकेजेस येत होती. कुंदनकाका सोफ्याच्या कडेला बसून पडदा बघत होते. जाळं ओढताना माणूस बघतो तसं. नजर हलवायची नाही.

“हे पाठवतंय कोन?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे... ठेवलेलंच असतं. आपण मागितलं की येतं.”

“कोनी ठेवलं?”

मी हे कधी पाहिलंच नव्हतं. दोन कळा दाबून त्याच कॉम्प्युटरचा दुसरा काळा पडदा उघडला आणि एका पॅकेजची माहिती मागवली. कशासाठी आहे, किती मोठं आहे, आणि एका ओळीत, सांभाळणाऱ्याचं नाव आणि ईमेल. कोणीतरी युक्का, फिनलंडचा. दुसऱ्याचं पाहिलं, ओसाकाचा कोणी मोरिता. तिसरी लुसियाना नावाची बाई, ब्राझीलची. आत्या चष्मा नाकावर सरकवून जवळ आली.

“पगार असतो यांना याचा?”

“बऱ्याच जणांना नसावा. नोकरी करून घरी आल्यावर करतात. कुठे काही बिघडलं की लोक यांना शिव्या घालतात, नीट चाललं की कोणाला पत्ताही नसतो.”

“आणि नाव असं कोपऱ्यात.”

“विचारलं तरच दिसतं.”

आत्या त्या ओळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “स्मरणिकेत ऋणनिर्देशाचं पान आहे. बर्फ कारखान्याच्या खाली जागा उरलीय. यांना घालायचं.”

“आत्या, शेकडो आहेत.”

“शेकडो मावणार नाहीत. आपल्या कामाला जे आले तेवढे सांग. अक्षरं दाखवणारं कोणाचं, पानं लावणारं कोणाचं, फॉन्ट कोणाचे. बाकीच्यांना ‘आणि इतर ज्ञात-अज्ञात’ म्हणू.” मग तिने कुंदनकाकांकडे पाहिलं. “चालेल ना? तुमची स्मरणिका आहे.”

“ही मानसं आली नसती तर पानं नस्ती ना?”

“नसती.”

“मंग घाला. बर्फवाल्याला वर सरकवा.”

अशी सहा नावं निघाली. सहावं, मराठी फॉन्ट सांभाळणाऱ्याचं, पुण्याचं निघालं, कोणी अवधूत. याने आत्याला थोडा धक्का बसला. परदेशी माणसाने फुकट काम केलेलं तिला पटत होतं.

दीडच्या सुमाराला शेवटचं पॅकेज आलं. यंत्राने आतल्या आत बरीच मांडामांड केली, मी ते बंद करून पुन्हा सुरू केलं, आणि पडद्यावर रंग आले. आत्याने फाइल उघडली. ‘मच्छीमार’ मध्ये च आणि छ एकमेकांना धरून उभे होते. बर्फाच्या कारखान्यासमोर संचालक होते. पानांची संख्या तीच होती. तिने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळं पाहिलं, बर्फवाल्याला वर सरकवलं, सहा नावं आणि इतर ज्ञात-अज्ञात टाइप केले आणि मग मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला आली. अक्षरजुळणी : कुमुद दांडेकर. तिने पडद्याला बोट लावून पाहिलं, जसं ताज्या रंगाला लावून पाहतात.

कुंदनकाका म्हणाले, “मॅडम, पंखा लागला.” वीज आली होती.

प्रेसवाल्याने शटर अर्धं ओढलेलं होतं. प्रितेश वाकून आत गेला, सीडी दिली आणि त्याच वाकलेल्या अवस्थेत बाहेर आला. बॅटरी टेम्पोत चढली, बोर्ड सबनीसांकडे गेला. संध्याकाळी आत्याने सबनीसांना चकल्या पाठवल्या. त्यांनी आधी विचारलं म्हणे की यांच्यात काही नाही ना.

दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही कोळीवाड्यात गेलो. खाडीच्या तोंडाशी मांडव, खुर्च्या, लाऊडस्पीकर. संस्थेची एक पद्धत होती, आणि ती आम्हाला कोणी आधी सांगितली नव्हती. ऋणनिर्देशात ज्याचं नाव छापलं आहे, त्याला मंचावर बोलावून नारळ द्यायचा. पन्नास वर्षांत कोणाचं नाव गाळलेलं नाही.

कुंदनकाका माईकवर उभे राहिले आणि पान वाचायला लागले. देणगीदार आले, नारळ घेऊन गेले. बर्फवाला आला, नारळ घेऊन गेला. मग काकांनी चष्मा नीट केला.

“फिनलंडचे युक्का साहेब. यांनी मंचावर यावं.”

मांडवात सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. कोणी आलं नाही.

“नसतील तर कोनी घ्यावा.”

प्रितेश उठला आणि युक्काच्या वतीने नारळ घेतला. टाळ्या झाल्या. मोरिताच्या वतीने मी गेलो. लुसियानाच्या वतीने कोण जाणार यावर पुढच्या रांगेतल्या बायकांत थोडी चर्चा झाली आणि प्रितेशची बहीण किशोरी गेली. तिला सगळ्यात जास्त टाळ्या मिळाल्या. पुण्याच्या अवधूतच्या नावाला काका थांबले आणि माईकवरूनच म्हणाले, “पुन्याचे हायत तर आले का नाय?”  तो नारळ आत्याने स्वतः घेतला. दुसऱ्या दिवशी तिने ईमेलने पत्ता मागवून तो पुण्याच्या एसटीने पाठवला, आणि त्या माणसाने तो मिळाल्याचं कळवलं. फॉन्टमध्ये काही बिघडलंय का, असंही त्याने काळजीने विचारलं.

‘ज्ञात-अज्ञात’ यांना मात्र काकांनी बोलावलं नाही. तेवढे नारळ नव्हते.

शेवटी अक्षरजुळणी. आत्याचं नाव लाऊडस्पीकरवरून खाडीभर गेलं. ती मंचावर चढली तेव्हा तिच्या एका हातात स्मरणिका होती, दुसऱ्या हातात अवधूतचा नारळ. त्यामुळे स्वतःचा घ्यायला हात उरला नाही. काकांनी तो तिच्या पिशवीत ठेवला, आणि माईक बंद आहे असं समजून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मॅडम, पुढच्या वर्षीचा अहवाल पन तुमीच करायचा.” आत्या म्हणाली, “करते.” तेही सगळ्यांना ऐकू गेलं.

समारंभ संपला आणि टेबलावर परदेशातले पाच नारळ उरले. ते घरी नेणं आम्हाला बरं वाटेना. प्रितेशची आजी, चंद्रावती, टेबलापाशी आली. तिने नारळ मोजले नाहीत, हात लावून पाहिले.

“ही मानसं कुठं रातात?”

“समुद्रापलीकडे,” मी म्हणालो. “सगळीच.”

“मंग नारल इथं कशाला ठेवलेत? दर्यात सोरून द्या. दर्याच्या पल्याडच जायचेत ना.”

यात मला चूक काढता येईना. आम्ही काठावर गेलो. आजीने सांगितलं, नाव घेऊन सोडायचा, नुसता टाकायचा नाही. आत्याने पदर खोचला, पाण्यात घोट्यापर्यंत उतरली आणि एकेक नाव घेऊन नारळ सोडला. नावं परकी होती, पण तिने ती टाइप केलेली होती, त्यामुळे एकही अक्षर गळलं नाही. प्रत्येकाला ती काहीतरी म्हणत होती. लाटेमुळे सगळं ऐकू आलं नाही. मोरिताला “फार उपकार झाले” म्हणाली, तेवढं ऐकलं.

चार नारळ गेले. युक्काचा थोडा पुढे गेला, गोल फिरला आणि परत येऊन तिच्या पायाला लागला. तिने पुन्हा सोडला. तो पुन्हा आला.

“भरती हाय अजून,” प्रितेश म्हणाला. “फिनलंड लांब असंल.”

“ऱ्हाऊ दे,” आजी म्हणाली. “ओहोटी लागली का जाईल बराबर. बसा.”

आत्याने नारळ उचलून पदराने पुसला आणि आम्ही बांधावर बसलो. किशोरीने चहा आणला. आत्याने स्मरणिका मांडीवर उघडली, मलपृष्ठ नाही, पहिलं पान, आणि होड्यांविषयीचा लेख वाचायला लागली. टाइप करताना वाचायचं राहून गेलं होतं, म्हणाली. पाणी अजून वर येत होतं. ओहोटीला वेळ होता.